हरणाच्या कातड्यावर फुला

एका जागी बसणं ही सोपी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या शाळेतली फुला पाहिलेली नाही. तसं म्हटलं तर मीही पाहिलेली नव्हती. म्हणजे खिडकीतून आत येताना पाहिली होती, दारातून बाहेर जाताना पाहिली होती, कौलांखालच्या वाशाला लोंबकळताना पाहिली होती. पण वर्गात बसलेली पाहिली आहे, असं मला देवाशप्पथ सांगता आलं नसतं. सायकल पळायला लागली की चाकाच्या तारा दिसत नाहीत, तरी त्या आहेत असं आपण धरून चालतो. तसंच फुला वर्गात आहे असं धरून मी तिची हजेरी मांडत असे.

आमचं काजळवाडा सुप्याच्या पुढं, रानात. गाव कुठं संपतं आणि रान कुठं लागतं हे माणसांना सांगता येत नसे, रानडुकरांना येत असे. शाळा एका खोलीची, मास्तर दोन. हेडमास्तर बाबुराव आणि मी. बाबुरावांच्या हाताखाली मी होतो आणि माझ्या हाताखाली खडू होता. मी बेळगावहून नुकताच आलेला, मिशा येण्याच्या बेतात.

भाताची मळणी उरकली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी बाबुराव म्हणाले, "मास्तर, तपासणी आली." लोक ज्या सुरात पटकी आली म्हणतात, त्या सुरात.

"येऊ द्या की," मी म्हणालो. मला अनुभव नव्हता.

"येऊ द्या काय? ते इन्स्पेक्टरसाहेब फुलासाठी येणार आहेत."

मग मला मागच्या वर्षीची हकिकत कळली. साहेब वर्गात आले, छत्री खुंटीला टांगली आणि मुलांना बेचा पाढा म्हणायला सांगितला. बे चोक आठपर्यंत फुला वर्गात होती. बे पंचे दहाला ती छत्रीसकट शाळेच्या कौलांवर होती. बे साती चौदाला तिनं छत्री उघडून उडी मारली. फुलाला काही झालं नाही, छत्री मात्र उलटी झाली आणि साहेबांना शेणकुटाच्या ढिगात शोधावी लागली. जाताना त्यांनी शेरा मारला होता: सदर मुलगी पुढच्या तपासणीला एका जागी बसलेली आढळली नाही, तर पटावरून नाव कमी करावं. बाबुरावांना तो शेरा तोंडपाठ होता. इतर लोक संध्याकाळी शुभंकरोती म्हणतात तसे ते तो म्हणत.

दुसऱ्या दिवशी फुलाची आई, गिरजा, शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. आत येईना.

"मास्तर, पोरीचं नाव काढणार म्हणत्यात, खरं व्हय?"

"बसली तर नाही काढणार."

"नगा काढू वो. आमच्या घरात अक्षर वळखणारी तेवढी एकच हाय." ती पदराचं टोक पिळत होती. "मोटार रामनगरला जाती का हल्ल्याळला, हे मला लोकांना इचारावं लागतं. लोक चेष्टेनं उलटं सांगत्यात. मागं मी बाजाराला म्हणून निघाली आन् लोंढ्याला उतरली. आता फुला पाटी वाचती. लांबनं वाचती. पाटी वाचून हूस्तवर ती टपावर चढल्याली असती, ते सोडा. पर वाचती बरोबर."

मला गहिवरून आलं. माझा स्वभावच तसा आहे. मला गहिवरून आलं की मी काहीतरी वचन देऊन बसतो. मी म्हणालो, "गिरजाबाई, काळजी करू नका. तिला मी योगाभ्यासानं बसवतो."

"ते काय असतं?"

"शरीर आणि मन एका जागी आणण्याची विद्या."

गिरजानं पदराचं टोक सोडलं. मग म्हणाली, "मन ऱ्हाऊ द्या मास्तर. नुसतं शरीर आणलं तरी हुईल."

आता माझ्या योगविद्येबद्दल सांगितलं पाहिजे. बेळगावच्या एका व्यायामशाळेत मला एक पुस्तक मिळालं होतं. त्याची सुरुवातीची पानं गेलेली होती, म्हणून ते कुणी लिहिलं हे मला ठाऊक नव्हतं. आणि शेवटचीही गेलेली होती, म्हणून समाधी लावायची कशी हे मला वाचून माहीत होतं, मोडायची कशी हे माहीत नव्हतं. पण मी ज्या वर्गाला शिकवत होतो, त्यात एवढी विद्या रग्गड होती.

पद्मासनापासून सुरुवात केली. बाकीच्या मुलांचे पाय मांडीवर चढवताना माझी कंबर लचकली. फुलानं एका झटक्यात पद्मासन घातलं. मी "शाबास" म्हणेपर्यंत ती त्याच पद्मासनात गुडघ्यांवर चालत व्हरांड्यात पोचली होती. पुस्तकात पद्मासनात चालू नये असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला ते सुचलंच नसावं.

मग वृक्षासन. "एका पायावर झाडासारखं उभं राहायचं," मी सांगितलं. फुलानं विचारलं, "कुठल्या झाडासारखं?" मी म्हणालो, "कुठल्याही." ती नीट बघून येते म्हणाली आणि जांभळीवर चढली. शाळा सुटेपर्यंत बघत होती.

शवासनाबद्दल मला फार बोलायचं नाही. "मेल्यासारखं पडायचं" एवढंच मी म्हणालो. फुला पडली. ती निश्चल पडली हे पाहून मुलांची खात्रीच पटली. मी फळ्याकडं वळलो तेवढ्यात त्यांनी शाळेच्या शिडीवर तिला घातली, खांद्यावर घेतली आणि रडत रडत गावातून काढली. पोरं मनापासून रडत होती. गिरजा शेतातून धावत आली, दोन म्हाताऱ्या विहिरीवर हंबरडा फोडून मोकळ्या झाल्या, आणि विठोबाच्या देवळाशी आल्यावर फुला उठून बसली व "आता मी खांदा देते, तू पड" असं पुढच्या मुलाला म्हणाली. त्या दिवशी संध्याकाळी मला कुणी जेवायला वाढलं नसतं तर मी समजून घेतलं असतं. पण ज्यांच्याकडं मी राहत आणि जेवत असे, त्या तुळजाकाकू दयाळू होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "काय करूलालाय मास्तर? जित्या पोरीला कशाला मारूलालाय?"

मी पुन्हा पुस्तक काढलं. आणि मला ते वाक्य सापडलं: चंचल चित्ताच्या साधकानं मृगाजिनावर बसावं, म्हणजे चित्त स्थिर होतं.

मृगाजिन म्हणजे हरणाचं कातडं. मला हसू आलं. आख्ख्या जिल्ह्यात हरणं सुप्याच्या रानात, आणि मी बसायला गोणपाट देत होतो!

जेवताना मी सहज विचारलं, "काकू, गावात कुणाकडं हरणाचं कातडं मिळेल का?"

तुळजाकाकूंचा भाकरी उलटणारा हात तव्यावरच राहिला. चूल फुंकणारी त्यांची सून फुंकायची थांबली. इतकी शांतता मी वर्गात कधी अनुभवली नव्हती.

"कातडं?" काकू म्हणाल्या. "आमच्या गावात? कातडं कसं असतंय तेबी आम्हाला ठावं न्हाई बाई."

आणि बोलता बोलता त्यांची नजर एकदा माळ्याकडं गेली आणि घाईनं परत आली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मला तेव्हा कुणी सांगितली नाही. उभ्या भातात सांबरं आणि हरणं उतरली की काजळवाड्याची माणसं रात्र रात्र मचाणावर बसून राखण करत. डबे वाजवून जनावर गेलं तर गेलं. नाही गेलं तर कधीमधी आणखी काहीतरी वाजे. मग चार घरांत चार दिवस वाटप होई आणि कातडं माळ्यावर जाई. परवाना कुणाकडंच नव्हता. म्हणजे गावात ज्याच्या घराला माळा होता, त्याच्याकडं कातडं होतं, आणि माळा सगळ्यांकडंच होता. अशा गावात बेळगावहून एक तरुण मास्तर येतो आणि भाकरी खाता खाता विचारतो, कातडं कुणाकडं आहे? मी फॉरेस्टचा हेर आहे हे गावानं ताक पिऊन व्हायच्या आत ओळखलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या आमटीत डाळ दिसेना. लोक मी दिसलो की पाऊसपाण्याबद्दल बोलू लागले, आणि पौषात पावसाबद्दल बोलण्यासारखं फार नसतं. दुकानदार पुंडलिक तेवढा जरा हितचिंतक. त्यानं मला दुकानाच्या मागं नेलं, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही शिकल्याली माणसं. कातड्याचं नाव काढू नका. त्या पोरीला पायलीत तांदूळ घालून त्यावर बसवा. न्हाईतर कमरंला दगड बांधा. न्हाईतर साहेब येईल त्या दिवशी मामाकडं पाठवा. पर कातडं न्हाई."

"अरे, पण योगशास्त्रात तसं लिहिलंय."

"ज्यानं लिवलंय त्याच्या गावात फॉरेस्ट न्हवतं."

माझ्या प्रतिष्ठेला धक्का बसला होता. मी हेर नाही हे सिद्ध करायचा एकच मार्ग मला दिसला, तो म्हणजे सगळं उघडपणे, कायदेशीर करणं. आता विचार केला तर यापेक्षा हेरगिरी सोपी होती. मी फॉरेस्टच्या रेंज ऑफिसात अर्ज केला: शाळेच्या योगाभ्यासासाठी हरणाचं एक कातडं मिळावं.

अर्ज मराठीत म्हणून परत आला. काही वर्षांपूर्वी आम्ही मुंबई राज्यात झोपलो आणि म्हैसूर राज्यात उठलो होतो. गाव होतं तिथंच राहिलं, फक्त अर्ज फिरायला लागले. मी तो पुंडलिककडून कानडीत करून घेतला आणि स्वतः घेऊन गेलो. कारकुनानं चष्मा कपाळावर ठेवून विचारलं,

"हरीण कुणी मारलं?"

"कुणीच नाही."

"मग कातडं कुठलं?"

"तेच मागायला आलोय."

"असं होत न्हाई. कातडं पाहिजे म्हणजे हरीण मेलं पाहिजे. मेलं म्हणजे कुणीतरी मारलं पाहिजे. त्याचं नाव सांगा. आम्ही केस करतो, कातडं जप्त करतो, मग तुम्ही जप्त कातड्यासाठी दुसरा अर्ज करा." मग त्याला उत्सुकता वाटली. "पण पाहिजे कशाला?"

"एक मुलगी एका जागी बसत नाही."

त्यानं टाक खाली ठेवला. "मास्तर, तुम्ही हरीण कधी एका जागी बसल्यालं बघितलंय?"

"नाही."

"स्वतःच्या कातड्यात असून ते बसत न्हाई. तुमची मुलगी दुसऱ्याच्या कातड्यावर कशी बसंल?"

याला योगशास्त्रात उत्तर असणार. बहुधा गेलेल्या पानांत. मी ते आठवत असतानाच आतल्या खोलीतून रेंजरसाहेब आले. गोल चेहऱ्याचे, भरघोस मिशांचे, जीपच्या धक्क्यांनी कंबर धरलेले गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काजळवाडा, अं?" ते म्हणाले. "मागणी हाय म्हणजे पुरवठा असणार की. तुमचे इन्स्पेक्टरसाहेब सोमवारी माझ्याच जीपमधनं येणार हाईत. मी पण बघून जातो. घरं, माळे, सगळं."

मी गावात परत आलो आणि एवढंच सांगितलं की रेंजरसाहेब सोमवारी येणार आहेत, आणि मी शाळेसाठी कातड्याचा अर्ज केलाय. यात एकही शब्द खोटा नव्हता. गावानं त्यावर विचार केला. फॉरेस्टवाले माळे बघणार. कातडी जाळली तर वासानं सुप्यापर्यंत कळणार, पुरली तर कुत्री उकरून काढणार. आणि गावात एकच जागा अशी आहे, जिथं कातडं असलं तर त्याला सरकारी कारण आहे.

सोमवारी सकाळी मी शाळा उघडायला गेलो, तर व्हरांड्यात माझ्या छातीएवढा कातड्यांचा ढीग होता. भेकराची, चितळाची, एक बहुतेक सशाचं, ते कुणीतरी भाबडेपणानं आणलेलं. सगळ्यात वर एक सांबराचं कातडं, वाळून ताठ, म्हशीला पांघरूण होईल एवढं. एकाही कातड्यावर नाव नव्हतं. काही मात्र मला चुलीच्या धुरावरून तुळजाकाकूंची वाटली.

बाबुराव आले, त्यांनी ढीग पाहिला, आणि ते खाली बसले. शवासनापूर्वीची जी अवस्था असते ती.

"मास्तर," ते म्हणाले, "माझ्या पेन्शनला थोडंच राहिलंय हो."

"लपवू या."

"कुठं?"

प्रश्न रास्त होता. शाळेला एक खोली, एक कपाट. कपाटाचं दार काढून आम्ही फळा म्हणून वापरत होतो. एवढ्यात नदीच्या उताराकडून जीपचा आवाज आला.

संकटात माझी बुद्धी चालते असं माझे वडील कधीच म्हणाले नव्हते. पण त्या दिवशी चालली. मी ओरडलो, "पोरांनो, योगाभ्यास!"

प्रत्येकाच्या बसकराखाली एकेक कातडं सारलं. गोणपाटाचं बसकर ते केवढं! चारी कडा बाहेर डोकावत होत्या. त्या मांडीखाली खोचल्या, परकर पसरले, सदरे ओढले. कुणी तसूभर हललं तर शेपटी दिसणार होती. उरलेल्या कातड्यांची चवड बाबुरावांच्या टेबलाशेजारी रचून तिच्यावर घोंगडं टाकलं, म्हणजे ती पाहुण्यांची बैठक झाली. राहता राहिलं सांबर. ते वाळून असं कडक झालं होतं की तीन घड्या घातल्या आणि हात काढला की फाडकन उघडे. त्यावर सतत कुणीतरी दाबून बसणं भाग होतं.

"ते आमचं हाय," फुला म्हणाली. "माझ्या बाचं. मीच बसणार."

दुसरा उपाय नव्हता. आम्ही ते दुमडलं आणि दोघांनी धरून फुलाला त्यावर ठेवली.

"फुला, हे बघ, आज हलायचं नाही."

"का?" हा प्रश्न ती रोजच विचारत असे. मी रोज सांगत असे, चित्त स्थिर होतं म्हणून. आज चित्ताला वेळ नव्हता.

"ते येतायत. त्यांना कळता कामा नये आपण इथं काय घेऊन बसलोय. हललीस की कळलं."

फुलानं माझ्याकडं डोळे मोठे करून पाहिलं. "म्हंजे मचाणावर बसल्यागत?"

"मचाणावर... हो."

"मग तसं सांगायचं की आदी!" ती म्हणाली. "एवढे दिस पाय काय मोडत बसला मास्तर?"

आणि तिनं मांडी घातली, हात गुडघ्यांवर ठेवले, डोळे मिटले, आणि थांबली. मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचा चेहरा पाहिला. तिच्या नाकावर तीळ होता.

साहेब आले. इन्स्पेक्टरसाहेब पुढं, हातात नवी छत्री, ती त्यांनी दंडाला अडकवलेली. खुंटीकडं त्यांनी फक्त तिरस्कारानं पाहिलं. मागं कंबर धरून रेंजरसाहेब. खिडक्यांत सगळं गाव. गावाला आज शिक्षणाबद्दल विलक्षण आस्था वाटत होती.

मुलं पद्मासनात, डोळे मिटून, निश्चल. खोलीत पेन्सिल पडल्याचाही आवाज नाही.

"वा!" साहेब म्हणाले. मग त्यांनी नाक आक्रसलं. "बाबुराव, हा वास कसला?"

बाबुरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "योगाभ्यासात शरीरातले दोष बाहेर पडतात, साहेब."

"बरेच दोष दिसतात," साहेब म्हणाले आणि खिडकीकडं सरकले.

रेंजरसाहेब घोंगड्याच्या बैठकीवर टेकले. टेकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुख पसरलं. "अब्बा! मऊ हाय की. जीपमधे असलं पाहिजे."

हजेरी सुरू झाली. एकेक मूल डोळे मिटल्या मिटल्या "हजर" म्हणत होतं, तोंडाचा कोपरा तेवढा हलवून. साहेब हळूहळू त्या नावाशी आले.

"फुला नागू."

साहेबांनी हजेरीतून मान वर केली.

"फुला नागू!"

कुणी बोलेना. मी समोर उभा राहून डोळ्यांनी खुणावत होतो, पण तिचे मिटलेले. मचाणावर बसलेलं माणूस कुणी हाक मारली म्हणून ओ देतं का? साहेब समाधानानं म्हणाले, "गैरहजर. मला वाटलंच. काढा नाव."

"न्हाई वो साहेब!" खिडकीतून गिरजा किंचाळली. "ती काय बसलीया! फुडंच!"

साहेबांनी पाहिलं. दोन पावलं जवळ येऊन पाहिलं. मग ते हसले. सरकारी माणूस असा हसला की समजावं, काहीतरी बिनसलं.

"बाबुराव, मला फसवता? ही ती मुलगी नाही."

"साहेब, तीच आहे."

"मी तिला विसरीन असं वाटतं तुम्हाला? बदली मुलगी आणून बसवलीय तुम्ही. शेजारच्या गावातली. हा गुन्हा आहे."

"साहेब, आई समोर उभी आहे," मी म्हणालो.

"सांगा बाई, ही तुमचीच मुलगी?"

"माझीच," गिरजा म्हणाली. मग तिनं फुलाकडं नीट पाहिलं आणि तिचाच सूर ढळला. "म्हंजे परकर तर तिचाच हाय. पर अशी गप्प बसल्याली मी बी कवा बघितली न्हाई, साहेब."

"बघा!" साहेब म्हणाले. "उभी करा तिला. चालून दाखवू दे. धावून दाखवू दे. मी ओळखतो."

फुला उभी राहिली की सांबर उघडणार होतं. सांबर उघडलं की रेंजरसाहेब उभे राहणार होते. रेंजरसाहेब उभे राहिले की बाबुरावांची पेन्शन बसणार होती. आणि नाही उभी राहिली, तर नाव जाणार होतं. खिडकीत गिरजानं गज घट्ट धरले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा संपूर्ण खरं बोललो.

"साहेब, तिची समाधी लागली आहे. ती मोडायची कशी, ते पान माझ्या पुस्तकात नाही."

"काय मूर्खपणा आहे?" साहेब म्हणाले आणि स्वतःच फुलासमोर वाकले. अगदी नाकाला नाक लागेपर्यंत. "ए मुली, डोळे उघड! खरं नाव काय तुझं?"

फुला हलली नाही. डोळे उघडले नाहीत. मान वळली नाही. फक्त तिचा उजवा हात, बाकीच्या देहाला न सांगता, गुडघ्यावरून उचलला गेला, साहेबांच्या दंडावरच्या छत्रीपर्यंत गेला, बोटांनी कळ चाचपली आणि दाबली.

छत्री साहेबांच्या तोंडावर उघडली. साहेब मागं उडाले, फळ्यावर आदळले, आणि फळा मुळात कपाटाचं दार असल्यामुळं तो त्यांच्यासकट उघडल्यासारखा आडवा झाला. फुलाचा हात परत गुडघ्यावर आला होता.

"हीच!" छत्रीखालून आवाज आला. त्यात रागापेक्षा जुना माणूस भेटल्याचा आनंद जास्त होता. "हीच ती! शंकाच नाही! हीच!"

खिडक्यांमधून गाव हसलं. रेंजरसाहेब तर पोट धरून असे गदगदा हसले की त्यांच्या खालची चवड डुलू लागली, आणि घोंगड्याखालून एक कान बाहेर आला. भेकराचा, टोकदार. मला तो दिसला. बाबुरावांना दिसला, त्यांनी भिंत धरली. गावालाही दिसला असावा, कारण हसणं एकदम बंद झालं.

रेंजरसाहेबांनी खाली पाहिलं. त्यांनी कानाकडं पाहिलं, मग खिडक्यांतल्या माणसांकडं, मग पद्मासनात बसलेल्या पोरांच्या रांगेकडं, आणि शेवटी फुलाकडं, जी या सगळ्या गदारोळात पापणीही न हलवता बसली होती. मग त्यांनी खोकल्यासारखं केलं आणि दोन बोटांनी तो कान हळूच घोंगड्याखाली परत सारला.

"मास्तर," ते कंबर सावरत उठले, "तुमचा अर्ज नामंजूर. या गावात हरणाचं कातडं न्हाई. मी स्वतः बसून बघितलं."

इन्स्पेक्टरसाहेबांनी धूळ झटकली, सगळी मुलं अजून डोळे मिटून बसलेली आहेत हे पाहिलं आणि शेरा लिहिला. त्यांचा स्वभाव कडक, पण न्यायी होता. तो शेरा आजही शाळेत आहे: "फुला नागू हिची बसण्यात प्रगती उत्तम. नाव कायम ठेवावे. हात बाकी आहेत."

जीप गेली. मुलं कातड्यांवरून उधळली. फुला तशीच.

"अगं ऊठ आता," मी म्हणालो.

तिनं एक डोळा उघडला. "नदी उतरून गेली का?"

"गेली."

"दुसऱ्या काठाला आवाज येऊस्तवर थांबायचं असतं," फुला म्हणाली, आणि थांबली. मग पलीकडच्या चढणीला जीप घरघरली, फुला उठली, आणि सांबराचं कातडं एवढ्या जोरात उघडलं की बाबुराव खुर्चीसकट मागं गेले.

दुपारी लोक एकेक करून येऊ लागले. "हे माझं न्हवं," प्रत्येक जण म्हणे, "पर पडून कशाला ऱ्हायाचं, न्हेतो." तुळजाकाकू त्यांचं नसलेलं कातडं घेऊन गेल्या आणि त्या रात्री माझ्या आमटीत डाळ होती. सशाचं तेवढं कुणीच नेलं नाही.

योगाभ्यासाचं श्रेय कुणीही मला दिलं नाही. गावाचं मत पडलं की पुस्तकातलं खरंच निघालं, कातड्यावर बसवली आणि पोर बसली. मास्तर उगीच पोरीला मारून गावातून फिरवत होता. पुंडलिक तर हल्ल्याळला जाऊन सांगून आला म्हणे.

सगळ्यात शेवटी गिरजा आली. तिनं नवऱ्याचं सांबर डोक्यावर घेतलं, चार पावलं गेली आणि परत फिरली. माझ्याजवळ येऊन तिनं आजूबाजूला पाहिलं. जांभळीच्या शेंड्यावर, साहेब घाईत विसरून गेलेली छत्री हळूहळू उघडत होती.

"मास्तर," गिरजानं दबक्या आवाजात विचारलं, "हातांसाठी कुठल्या जनावराचं लागतं वो? पोरीच्या बाला सांगून ठिवते."